कमोडची मागची बाजू

कमोडच्या पोटातील वळणात साधारण 50 मिलिमीटर उंचीचे पाणी कायम साचलेले असते आणि मलवाहिनीतील वायूंना ते घरात शिरू देत नाही. या पाण्याला ‘वॉटर सील’ म्हणतात. अशा वळणाचे पेटंट लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी 1775 मध्ये घेतले. बाथरूमचे नूतनीकरण झाल्यावर नव्याकोऱ्या टाइल्सवर जी दुर्गंधी दरवळू लागते, तिच्यापुढे मात्र या पाण्याचे काही चालत नाही, कारण ती त्याच्याही पलीकडून, कमोड आणि जमिनीतील पाइप यांच्या सांध्यातून येते.

जुन्या फरशीवरच नव्या टाइल्स बसवल्या की जमीन वर येते, पाइपचे तोंड होते तिथेच खाली राहते आणि मधली फट पांढऱ्या सिमेंटने बुजवली जाते. कमोड जरा डुगडुगला तरी हा सांधा तडकतो. मग दर फ्लशबरोबर थोडे पाणी कोब्यात, म्हणजे फरशीखालच्या विटांच्या तुकड्यांच्या भरावात मुरते आणि खालच्या घराच्या छताला ओल येते. पांढऱ्या सिमेंटवर राग धरावा तो यासाठी, की ते दोष घालवत नाही, फक्त नजरेआड करते.

वाड्यात वाढून, चाळीतून फ्लॅटमध्ये आलेल्या पिढीला या वासासरशी टोपलीच्या संडासाचे मागल्या बोळात उघडणारे बुटके दार आठवते. त्या दारातून भरलेली टोपली ओढून डोक्यावरून नेणाऱ्या माणसाला पुढच्या दाराने वाड्यात येण्याची मुभा नव्हती. हेच काम आपल्यालाही करू द्यावे, यासाठी गांधीवादी कार्यकर्ते अप्पा पटवर्धन यांनी 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात उपोषण केले आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडले. त्या बुटक्या दाराआडचा माणूस मात्र बहुतेक घरांनी पाहिलाच नाही.

सदोष कमोड उचलताना पाइपच्या तोंडात आधी कापडाचा बोळा कोंबावा लागतो, कारण छिन्नीने उडालेले सिमेंटचे तुकडे आत पडले तर चेंबर तुंबते आणि ते साफ करायला कुणाला तरी आत उतरावे लागते. नंतर जोडतुकडा लावून पाइपचे तोंड टाइलच्या पातळीवर आणतात, रबरी गॅस्केट बसवतात, पाणसळ लावून कमोड समतल करतात आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू आळीपाळीने आवळतात. कडेने सिलिकॉन भरताना मागे बोटभर जागा मोकळी सोडावी, म्हणजे सांधा पुन्हा गळू लागला तर पाणी घरातल्यांनाच दिसेल.

माणसाला हाताने मैला उचलायला लावणे 2013 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, तरी गटारात उतरलेली माणसे आजही गुदमरून मरतात. म्हणून तो कापडाचा बोळा आणि ती मोकळी जागा मिस्त्रीच्या मर्जीवर सोडण्याच्या गोष्टी नव्हेत. आपल्या घाणीचा भार दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर जाऊ नये, हे पाहणे घरमालकाचे कर्तव्य आहे आणि ते टाइल्सचा रंग निवडण्याआधी येते.