तोंड दाखवणं

मनोरुग्ण वॉर्डात आत घेताना पायजम्याची नाडी काढून घेतात. पट्टा, मोबाइल, दाढीचं ब्लेडसुद्धा. कारण सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कुणी नाही.

आत वेळ साचून राहतो. मामा फरशी पुसून जातात, चहाची किटली येते, सिस्टर गोळ्या देतात आणि गिळली का ते बघायला जीभ वर करायला लावतात. सुरुवातीला त्याचा अपमान वाटायचा. पुढं त्याच जीभ वर करण्याचा आधार वाटू लागला. माझ्या पोटात गोळी गेली की नाही, याची कुणाला तरी फिकीर होती.

लिथियमनं हात थरथरतात. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी हा क्षार उन्मादावर वापरून पाहिला. आजही रक्त तपासतच त्याची मात्रा ठरवतात, कारण कमी पडलं तर गुण नाही आणि जास्त झालं तर विष. शेजारच्या खाटेवर चंदगडकडचे एक आजोबा होते. माझा चहा सांडतो हे बघून ते किटलीवाल्या मामांना म्हणायचे, "ह्येला अर्धाच द्या, दोनदा द्या."

आजोबांना भेटायला कुणी येत नसे. राउंडला ते विचारायचे, "साहेब, कधी सोडणार?" उत्तर ठरलेलं, घरचे आले की. घरच्यांनी नाकारलं एवढ्यावरून कुणाला रुग्णालयात ठेवू नये, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. पण दार उघडलं तरी आजोबांनी एसटीतून उतरायचं कुठं?

मी नेसरीचा. आमच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ ला सरनौबत प्रतापराव गुजर सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. त्याआधी शरण आलेल्या खानाला त्यांनी सोडलं होतं, म्हणून शिवाजी महाराजांनी कडक पत्र धाडलं होतं. खानाला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका, असं त्यात होतं म्हणतात. स्मारकापुढं आमची मान आपोआप लवते, लवायलाच हवी. वॉर्डात रात्री दिवे पुरते मालवत नाहीत. त्या उजेडात जागताना मला घोडदौडीच्या आधीच्या रात्री आठवायच्या. पत्र वाचल्यावर सरनौबतांना झोप लागली असेल का? कुणी जवळ बसलं असेल का? एवढ्या मोठ्या माणसाशी माझी बरोबरी नाही. पण गावाला आता तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न माझ्याही उशाशी होता. ज्या महाराष्ट्रात ठाणे आणि येरवडा ही मनोरुग्णालयं असलेल्या गावांची नावं टोमणा म्हणून वापरतात, तिथं तो कुणाच्या उशाशी नसेल?

घरी आल्यावर आई सगळ्यांना कावीळ झाली होती म्हणून सांगत राहिली. मायेपोटीच. स्टँडवर एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "दिसला न्हाईस कुठं?" मी खरं ते सांगितलं, वॉर्डासकट. काका बराच वेळ गप्प राहिले.

"माझ्या थोरल्या भावाचं असंच हुतं," ते म्हणाले. "मळ्यातल्या खोपीत कोंडून ठेवलावता. तितंच गेला." मग माझा दंड धरून बाजूला घेतलं. "लेकीचा पोरगा चार म्हैनं झालं झोपत न्हाई. कुणाला दाखवावं?"

म्हटलं, कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सोमवारी सकाळच्या गाडीनं निघू, मी येतो बरोबर.