‘मस्ट’, ‘शुड’ आणि आपला इकरार

उर्दू माध्यमाच्या शाळेत मी गेली अठरा वर्षं उर्दू आणि मराठी शिकवते. इंग्रजी हा माझा विषय नाही. पण आमच्या मुलांना तिन्ही भाषा एकाच दप्तरातून वाहाव्या लागतात, त्यामुळे त्यांच्या इंग्रजीच्या अडचणी माझ्या तासालाही येऊन बसतात. त्यांतली मोठी अडचण लांबलचक शब्दांची नाही. ती मस्ट, शुड, मे, माइट या चिमुकल्या सहायक क्रियापदांची आहे. इंग्रजी बोलणारा माणूस हुकूम देतो तो यांच्यामार्फत, फर्ज सांगतो तो यांच्यामार्फत आणि एखादी गोष्ट कबूल करतो तीही यांच्याच मार्फत.

उर्दूत आपण म्हणतो, ‘मुझे जाना पडता है’, ‘मुझे जाना चाहिए’. मराठीत म्हणतो, ‘मला जावं लागतं’, ‘मला जायला हवं’. दोन्हीकडे माणूस ‘मला’ आणि ‘मुझे’ होऊन उभा असतो आणि जबाबदारी जणू बाहेरून त्याच्यावर येते. इंग्रजीत मात्र ‘आय’ जागचा हलत नाही. सगळा भार त्याच्या पुढच्या छोट्या क्रियापदावर पडतो. म्हणून मी मुलांना नियम पाठ करायला न सांगता जोड्या लावायला सांगते. ‘पडता है’ किंवा ‘लागतं’ म्हणजे हॅव टू. ‘चाहिए’ किंवा ‘हवं’ म्हणजे शुड. आणि मस्ट? तिथे आपला तो ठाम ‘च’ येतो: ‘गेलंच पाहिजे’.

मस्ट आणि हॅव टू यांतला फरकही असाच समजतो. नोकरीवर आठ वाजता जावं लागतं, कारण नियम दुसऱ्याचा आहे. तिथे बहुधा हॅव टू येतं. आजारी अम्मीला भेटायलाच हवं, हे आपलं मन सांगतं. तिथे मस्ट शोभतं. पण नकार आला की मुलं फसतात. पाहुण्याला ‘यू डोन्ट हॅव टू कम’ म्हटलं तर अर्थ होतो, ‘आला नाहीत तरी चालेल’. ‘यू मस्टन्ट कम’ म्हटलं तर अर्थ होतो, ‘येऊ नका’. पहिल्यात सवलत आहे, दुसऱ्यात मनाई. आमच्या मुलांना मी दीनियातच्या तासाला शिकलेल्या पायऱ्यांची आठवण करून देते: फर्ज, मुस्तहब, मुबाह, मकरूह, हराम. ‘जरूर नाही’ आणि ‘मना आहे’ यांत केवढं अंतर असतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक असतं. ते अंतर फक्त इंग्रजीत ओळखायचं असतं.

एक अडचण मात्र वर्गाबाहेरची आहे. इंग्रजीत हुकूम हल्ली हुकमाच्या कपड्यांत येत नाही. जेफ्री लीच या भाषाशास्त्रज्ञाने 1961 आणि 1991 मधल्या छापील ब्रिटिश इंग्रजीचे, प्रत्येकी सुमारे दहा लाख शब्दांचे, दोन संग्रह ताडून पाहिले. त्या तीस वर्षांत मस्टचा वापर सुमारे 29 टक्क्यांनी घटला होता आणि नीड टूचा तिपटीहून अधिक वाढला होता. उघड अधिकार गाजवणं लोकांना नकोसं झालं, हे त्यामागचं एक कारण त्यांनी सुचवलं. मस्ट म्हणतं, ‘मी सांगतो म्हणून कर.’ नीड टू म्हणतं, ‘तुझीच गरज आहे, कर.’ काम तेच, सांगणारा तेवढा पडद्याआड गेला.

आमची एक जुनी विद्यार्थिनी इंग्लंडमध्ये नर्स आहे. नवीन असताना तिची वरिष्ठ तिला म्हणाली, ‘यू माइट वॉन्ट टू चेक दॅट चार्ट अगेन.’ हिने ऐकलं, ‘वाटलं तर तो तक्ता पुन्हा बघ.’ म्हणून आधी हातातलं काम संपवलं. वरिष्ठ परत आली ती कपाळाला आठ्या घालूनच. फोनवर मला म्हणाली, “मॅडम, बघायलाच हवं होतं तर सरळ बघ म्हणायचं ना! ‘वाटलं तर’ कशाला?” मी म्हटलं, “बेटा, आपल्याकडे सासूबाई ‘चहा झाला का गं?’ विचारतात, तेव्हा त्या काय चौकशी करत असतात?” ती हसली. पण तिच्या कामात अशा वाक्याचा अर्थ चुकला तर ते हसण्यावारी नेता येत नाही.

आता कबुलीचं पाहू. ‘आय मस्ट ॲडमिट’ असं इंग्रजी माणूस सहज म्हणतो. आपणही म्हणतो, ‘मानना पडेगा’, तुझ्या हाताला चव आहे. सक्ती कोणी केलेली नसते. तरी सक्तीचं क्रियापद लावलं की बोलणाऱ्याचा मान राहतो: मी झुकलो नाही, सत्याने मला झुकवलं. वाक्य संपेपर्यंत कबुली देऊनही झालेली असते.

पण खऱ्या कबुलीच्या पायऱ्या वेगळ्या आहेत. ‘आय मे हॅव सेड दॅट’ म्हणजे ‘म्हटलंही असेन’. ही अर्धी कबुली. ‘आय मस्ट हॅव फर्गॉटन’ म्हणजे ‘विसरले असणार’. इथे मस्ट कर्तव्याचं नाही, अंदाजाचं आहे. माणूस स्वतःबद्दल तिऱ्हाइतासारखा अंदाज बांधतो. पुरी कबुली येते ती शुडबरोबर: ‘आय शुड हॅव टोल्ड यू’, ‘मी तुला सांगायला हवं होतं’. माझं कर्तव्य मला ठाऊक होतं आणि ते माझ्याकडून झालं नाही, या दोन्ही गोष्टी त्या एका वाक्यात येतात. शुड हा शॅलचा भूतकाळ. शॅलचा जुना अर्थ ‘देणं असणं’, आणि त्याच कुळातल्या जर्मन ‘शुल्ड’ शब्दाचा अर्थ कर्जही होतो, दोषही. ऑट हासुद्धा मुळात ‘देणं लागणे’ या अर्थाच्या ओचा जुना भूतकाळ. आपल्याकडे फर्ज आणि कर्ज यांचं फक्त यमक जुळतं, त्यांच्याकडे नातंच जुळलेलं आहे.

या वाक्याची गंमत म्हणा की धोका म्हणा, तो सर्वनामात आहे. ‘मी सांगायला हवं होतं’ हा इकरार आहे. ‘तू सांगायला हवं होतंस’ हा आरोप आहे. बाकी सगळं व्याकरण तेच. आमच्या नात्यात एका निकाहच्या दावतीवरून दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं होतं. ‘तू यायला हवं होतंस’, ‘तू फोन करायला हवा होतास’, असे निरोप दोन ईदा इकडून तिकडे जात राहिले. शेवटी थोरले भाईजान धाकट्याच्या दारात गेले आणि एवढंच म्हणाले, “मी स्वतः बोलवायला यायला हवं होतं.” पुढचं काम चहाने केलं.

मुलांना इंग्रजी जरूर येऊ द्या. त्यांची रोजीरोटी तिच्यावर अवलंबून असेल. पण ‘शुड हॅव’ शिकवताना पहिलं उदाहरण ‘यू’चं देऊ नका, ‘आय’चं द्या. उर्दूत, मराठीत, घरातल्या कुठल्याही बोलीत त्याचा तर्जुमा करून घ्या. ‘तू’चं वाक्य मुलांना शिकवावं लागत नाही, ते आपोआप येतं.