म्हापसा ते जिनिव्हा

फेब्रुवारी १९८९, गोवा. डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केलं होतं. तपासणीत एचआयव्ही निघाला. पोलीस त्याला घेऊन गेले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात तो ६४ दिवस कोंडला गेला. हे सगळं सार्वजनिक आरोग्य कायद्याला धरूनच झालं.

*

डॉमिनिकच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. वकील आनंद ग्रोव्हर, इंदिरा जयसिंग यांच्यासह 'लॉयर्स कलेक्टिव्ह' ही संस्था उभी करणारे. डॉमिनिक सुटला, पण निकालात विलगीकरणाचा सरकारी अधिकार कायम राहिला. १९९२मध्ये डॉमिनिकने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था काढली आणि त्याच वर्षी तो गेला. ग्रोव्हर यांनी मात्र एचआयव्हीची प्रकरणं सोडली नाहीत. हरलेला खटला वकिलाला आयुष्यभराचं काम देऊ शकतो.

*

१९९७, 'एमएक्स विरुद्ध झेडवाय', पुन्हा मुंबई उच्च न्यायालय. काम करण्याजोग्या माणसाला निव्वळ एचआयव्हीमुळे कामावरून काढता येणार नाही, असा निकाल. मला त्याहून मोठी वाटते ती नाव गुप्त ठेवून दाद मागण्याची मुभा. बदनामीच्या भीतीने जो कोर्टाची पायरी चढणारच नाही, त्याला हक्क असून काय उपयोग?

*

२००८ ते २०१४ ग्रोव्हर आरोग्याच्या हक्कासाठी संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक होते. या पदाला पगार नाही. राजदूत आपल्या सरकारचं म्हणणं मांडतो. इथे सरकारांनाच प्रश्न विचारायचे. २०१०च्या अहवालात त्यांनी लिहिलं, की अमली पदार्थांचं सेवन हा गुन्हा ठरवला, की माणसं उपचारापासून दूर पळतात. म्हापशाचा धडा तोच होता. धाक दाखवला की रोगी लपतो, रोग पसरतो.

*

२०१२मध्ये ते अणुदुर्घटनेनंतरच्या फुकुशिमाला गेले. वर्षाला २० मिलिसिव्हर्टपर्यंतचा किरणोत्सर्ग जपान सरकारने चालवून घेतला होता. त्यांनी १चा आग्रह धरला. निर्णय घेताना तिथल्या रहिवाशांना विचारा, हेही बजावलं.

*

१ एप्रिल २०१३, सर्वोच्च न्यायालय, रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिव्हेक या औषधाचा खटला. पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)मुळे नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला गेला. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनची बाजू ग्रोव्हर यांनी मांडली होती. तेव्हा मूळ औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या घरात होता, भारतीय पर्याय त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाचं जगणं पेटंट कायद्याच्या एका पोटकलमावर येऊन ठेपतं. म्हणून कायदा शिकणाऱ्यांनी आरोग्यव्यवस्था शिकावी, आणि डॉक्टरांनी कायदा.

*

२०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा: संमतीशिवाय चाचणी नाही, नोकरीत भेदभाव नाही, तक्रारींसाठी प्रत्येक राज्यात लोकपाल. डॉमिनिकला यातलं काहीच मिळालं नव्हतं. आता हा कायदा प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर, साध्या मराठीत, लोकपालाच्या पत्त्यासह लागला पाहिजे.