दाढ आणि नजर

वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीती हिंगोली जिल्ह्यात दातांचा दवाखाना चालवणाऱ्याला नवी नाही. वसमतकडच्या शेतकऱ्यांनी ती मला बोलून दाखवली, सेनगावच्या शिक्षकांनीही. माझं उत्तर ठरलेलं असायचं: "काही होत नाही. आ करा." अडाणी समजुतीवर वेळ कशाला घालवायचा? हात चांगला असला की बोलावं लागत नाही, असं मी मानत होतो. तो गर्व होता. मी त्याला कामाचा उरक म्हणत होतो.

गोधड्या शिवणाऱ्या एका मावशींची वरची दाढ पार किडली होती. त्यांनी डोळ्यांचं विचारलं, मी तेच उत्तर दिलं. मान हलवून त्या गेल्या. परत आल्या त्या हळद शिजवण्याचे दिवस सरल्यावर, सुजलेला गाल घेऊन. मी चिडलो. तेव्हा माझ्या मदतनीस ताई म्हणाल्या, "सर, त्यांच्या जावेला दाढ काढल्यावर चष्मा लागला. त्यांनी स्वतः पाहिलंय."

मी हातमोजे काढले आणि मावशींसमोर बसलो. जावेचं वय विचारलं. चाळिशी उलटलेली. मग सांगितलं, की दातांची नस वेगळी, नजरेची वेगळी. आणि पुष्कळांच्या दाढा काढायची वेळ येते त्याच वयात जवळचं दिसणंही कमी होतं. मावशी जरा वेळ गप्प राहिल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "खरं हाय. दाढ तं एकाच बाजूची काढली व्हती. चष्मा दोन्ही डोळ्याला लागला."

हा मुद्दा मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. ज्यांना मी अडाणी ठरवलं होतं, त्या नीट बघत होत्या, विचार करत होत्या. गोधडी शिवणाऱ्या बाईसाठी डोळ्यांचा प्रश्न पोटाचा असतो, एवढंही माझ्या लक्षात आलं नव्हतं. पहिल्या वेळी हललेली मान मी होकार समजलो. त्यांना फक्त माझ्यासमोरून उठायचं होतं. सूज उतरल्यावर त्यांनी दाढ काढून घेतली.

अमेरिकेतल्या हॅरोल्ड अॅडलस्टन यांनी १९५९ साली लहान मुलांसाठी 'आधी सांगा, मग दाखवा, मग करा' अशी पद्धत मांडली. मी ती परीक्षेपुरती पाठ केली होती. आता मोठ्यांनाही सांगतो: सुई टोचेल, मग ओठ जड होईल, दाढ काढताना दाब जाणवेल, दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन. तोंड उघडं असताना बोलता येत नाही, म्हणून खूण आधीच ठरवावी लागते. निघताना ताई विचारतात, "घरी जाऊन काय काय करणार, सांगा बरं." तेव्हा कळतं, कुणी सारखं थुंकायचं ठरवलेलं असतं, कुणी संध्याकाळी मिश्री लावायचं. थुंकण्यानं जखमेवर धरलेली रक्ताची गाठ निघू शकते, मिश्रीनं जखम चिघळते. हे तिथंच समजावता येतं.

बाजारच्या दिवशी बाहेर गर्दी झाली की माझं बोलणं अजूनही आखडतं. ताई टोकतात, आणि त्यांनी टोकावं असं मला मनापासून वाटतं. दाढ काढणं मला येतंच. माणूस सूज येण्याआधी यावा असं वाटत असेल, तर त्याला माझ्यासमोर मोकळेपणानं विचारता आलं पाहिजे.