दोघांचे धुणे

आमच्या इंदूरच्या घरी धुण्याचे यंत्र १९९० साली आले, तेव्हा घरात सात माणसे होती. दोन टोपांचे, अर्धस्वयंचलित यंत्र. एका टोपात कपडे धुवावयाचे आणि हाताने उचलून शेजारच्या टोपात पिळावयास घालावयाचे. आता घरात उरलो आम्ही आणि आमच्या सौभाग्यवती. पाच किलो कपड्यांच्या त्या यंत्रात दोघांचे धुणे म्हणजे पंगतीच्या पातेल्यात दोघांचा वरणभात!

कपडे थोडे असले की यंत्रास सुख, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. टोपाच्या तळाशी एक चकती असते. ती काही क्षण एका बाजूस फिरते, थबकते आणि उलट फिरते. चार बोटे पाण्यात एकटी ओढणी सोडली, तर ती चकतीवर बसते, घासली जाते आणि तिचा दोर वळला जातो. म्हणून कपडे कमी असले तरी पाणी भरपूर हवे. कापड तरंगले पाहिजे. आता, इंदुरास नर्मदेचे पाणी १९७८ साली पोहोचले खरे, पण आमच्या मोहल्ल्यात ते येते एकाआड एक दिवस. एका ओढणीसाठी टोप भरावा, हे पस्तीस वर्षे सरकारी हिशेब तपासलेल्या माणसास सहजी पटत नाही.

सौभाग्यवतींनी तो प्रश्न आमचा अभिप्राय न मागवता निकाली काढला. टोप भरावयाचा, साबण बेताचा. आधी दोन मिनिटे नाजूक वस्त्रे. ती काढून त्याच पाण्यात सदरे, मग चादरी, शेवटी पायपुसणी. उरल्या पाण्याने अंगण धुऊन निघते. नवी स्वयंचलित यंत्रे दर खेपेस आपले पाणी आपणच ओतून देतात. त्यांच्यापाशी ही काटकसर नाही.

पिळण्याच्या टोपाचे दुखणे निराळे. त्यात एकच ओला कपडा टाकला तर तो एका अंगास जातो आणि यंत्र दणदण नाचू लागते. तो भिंतीलगत गोल पसरावा आणि समोरच्या अंगास एक पंचा ठेवावा, म्हणजे तोल साधतो.

अमेरिकेत धाकट्या बंधूंच्या भाड्याच्या घरी १९९८ साली आम्ही जनरल इलेक्ट्रिकचे एक जुने यंत्र पाहिले. मोठ्या टोपाच्या मधल्या घुसळणीवर बसणारी एक लहानशी टोपली त्यास होती, नाव ‘मिनी-बास्केट’. थोडे आणि नाजूक कपडे तिच्यात धुवावयाचे. आम्ही फार कौतुक केले. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, आपला उशीचा अभ्रा हेच तर करतो!” खरेच होते. जरीकाठाचे वस्त्र अभ्र्यात घालून, तोंड बांधूनच त्या यंत्रात सोडत आल्या आहेत.

गेल्या वर्षी त्या अभ्र्याची कसोटी लागली. मातोश्री २००६ साली गेल्या, त्यांचे महेश्वरी लुगडे पेटीत होते. कन्येस ते पुण्यास गणपतीत नेसावयाचे होते. घडीवर पिवळे डाग पडले होते. धोब्याकडे देण्यास जीव धजेना. एका दुकानाने पूर्वी आमच्या एका शालूचा रंग उतरवून दिला होता. हाताने धुवावे तर सौभाग्यवतींची बोटे संधिवाताने आखडलेली. अखेर रिठ्याचे थंड पाणी, काठोकाठ टोप, अभ्रा, आणि दीड मिनिट. आम्ही घड्याळाकडे पाहत उभे होतो. सरकारी तपासणीच्या दिवशीही छाती इतकी धडधडली नव्हती. पाण्यास किंचित तांबूस झाक आली. काठ शाबूत राहिला, डाग मात्र सारे गेले नाहीत. पिळण्याच्या टोपात न घालता लुगडे पंचात गुंडाळून पाणी टिपले आणि सावलीत दांडीवर वाळत घातले. कन्येने ते डागांसह नेसले.

चिरंजीव नवे यंत्र घेऊन देतो म्हणतात. आईचे हात दुखतात, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. त्यावर घरात तोडगा निघाला तो असा, की ओले कपडे या टोपातून त्या टोपात उचलण्याचे काम आता आमच्याकडे आहे. सौभाग्यवती शेजारी स्टुलावर बसतात, कानाने चकतीचा आवाज घेतात, आणि मध्येच म्हणतात, “पुरे. काढा आता.”