गिअरबॉक्सचा ताप

सोलापूरहून सिमेंट भरून तुळजापूरचा घाट चढताना इंजिनाच्या तापाचा काटा मला दिसे. गिअरबॉक्सची विचारपूस मात्र कोणीच करीत नसे. एकदा त्यातले तेल जळले, गिअरचे दात झिजले आणि उसाच्या हंगामाची कमाई त्या लोखंडी पोटात गेली. तेव्हा हट्टाने मी त्यालाही काटा बसवला. तेल सोडायच्या बुचाच्या जागी करंगळीएवढा पितळी सेन्सर. तेल तापले की आतला विजेचा विरोध घटतो आणि काटा चढतो. गळू नये म्हणून आट्यांवर मी पांढऱ्या टेपचे चांगले चार वेढे दिले. नको तिथे टापटीप, ही आमची जुनी खोड!

भर वैशाखात घाट चढलो, काटा जागचा हलेना. मी खुशीत! वर येतो तो खालून जळकट वास. मिस्त्रीने टेप सोलली.

“मालक, ह्याला तार एकच. वीज परतायची वाट आट्यांतनं, बॉडीतनं. तीच तुम्ही बांधून टाकली.”

टेप गेली, तांब्याचा वायसर आला. पुढच्या खेपेला काटा 100 अंश ओलांडून 120कडे निघाला. मी गाडी कडेला घेतली आणि काटा उतरेपर्यंत त्याच्याकडे बघत बसलो.