वळिवड्याची शेकोटी

पोलिश भाषेत ‘द्रूह’ असा एक शब्द आहे. मराठी कानाला तो ऐकताच ‘द्रोह’ आठवावा. अर्थ मात्र नेमका उलटा आहे, सोबती. पोलंडमध्ये परक्या पुरुषाला ‘पान’ आणि परक्या बाईला ‘पानी’ म्हणण्याचा शिष्टाचार आहे आणि तो लोक काटेकोरपणे पाळतात. तिथल्या स्काउटांनी त्यातून आपली वेगळी वाट काढली. मुलगा असेल तर ‘द्रूह’, मुलगी असेल तर ‘द्रूहना’. बालपणी चिकटलेले हे संबोधन बहुधा आयुष्यभर सुटत नाही. केस पिकलेल्या, हातात काठी आलेल्या बायकाही जुन्या मैत्रिणीला द्रूहनाच म्हणतात.

अशा काही बायकांना आणि पुरुषांना हे संबोधन मिळाले ते पोलंडात नव्हे, तर कोल्हापूरपासून काही मैलांवर, वळिवडे गावाजवळच्या बराकींत. वळिवड्याच्या छावणीवर अलीकडे बरेच लिहिले जाते. या धाग्याचा विषय त्या छावणीपेक्षा छावणी मोडल्यानंतरची साठ-सत्तर वर्षे हा आहे. चार खंडांत पांगलेल्या मुलांनी एकमेकांचा माग कसा ठेवला, आणि का?

आधी थोडी पार्श्वभूमी. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडचे लचके दोन बाजूंनी तोडले गेले. पश्चिमेकडून जर्मनीने, पूर्वेकडून सोव्हिएत संघाने. पूर्व पोलंडातील कुटुंबांना गुरांच्या डब्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठवण्याची पहिली मोठी लाट १० फेब्रुवारी १९४० रोजी आली. पुढे जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा १९४१ च्या उन्हाळ्यात करार होऊन या लोकांची सुटका झाली. जनरल आंदेर्स यांच्या सैन्यासोबत १९४२ मध्ये लाखाहून अधिक पोलिश माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणला पोहोचली. त्यांत हजारो बायका आणि मुले होती, आणि त्यांना ठेवायचे कुठे हा प्रश्न होता. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे पोरक्या मुलांना आसरा दिला. त्याहून कितीतरी मोठी वसाहत १९४३ पासून वळिवड्याला उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे, आणि त्यांत बहुतेक बायका-मुलेच. खर्च लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारचा, जमीन कोल्हापूर संस्थानातली. शाळा, चर्च, इस्पितळ, नाटकाचा रंगमंच, सगळे तिथे होते. बालाचडीचे घर १९४६ मध्ये बंद झाले, तेव्हा तिथली मुलेही इकडेच आली.

या वसाहतीत नव्हते ते वडील. कोणी आंदेर्स यांच्या सैन्यात इटलीकडे निघालेले, कोणी सायबेरियात मेलेले, तर कोणाचा पत्ताच नाही.

म्हणून स्काउटचे पथक हा इथे केवळ शाळेनंतरचा विरंगुळा राहिला नाही. आपल्याकडे जुन्या पिढीने स्काउटला ‘बालवीर’ असा सुंदर शब्द दिला आणि मुलींना ‘वीरबाला’ म्हटले. पोलंडमध्ये या चळवळीचा आरंभ १९१०-११ च्या सुमारास झाला. तेव्हा पोलंड नावाचे राज्य नकाशावर नव्हते. तीन साम्राज्यांनी ते वाटून घेतले होते. त्यामुळे बेडन-पॉवेल यांची इंग्रजी कल्पना तिथे रुजली ती देश परत मिळवण्याच्या आकांक्षेला बांधूनच. तिथल्या बालवीराला शपथेनंतर मिळतो तो क्रॉस, पोलंडच्या सर्वोच्च लष्करी सन्मानाच्या धर्तीवर घडवलेला. त्यावर एकच शब्द असतो, ‘चुवाय’, म्हणजे जागा राहा. भेटल्यावर आणि निरोप घेतानाही हाच शब्द उच्चारतात.

वळिवड्याच्या मुलांना हा शब्द शिकवणाऱ्यांत एक तरुण लष्करी अधिकारी होता. त्याचे नाव झ्जिस्वाफ पेश्कोव्स्की, जन्म १९१८ चा, म्हणजे पंचविशीच्या आतबाहेरचा. भारतातील पोलिश बालवीरांचे काम त्याच्याकडे सोपवण्यात आले होते. हा माणूस कोझेल्स्क येथील सोव्हिएत बंदी छावणीतून जिवंत सुटला होता. त्या छावणीतील त्याच्या हजारो सहकाऱ्यांना १९४० च्या वसंतात कातिनच्या जंगलात नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. कोझेल्स्क आणि अशाच इतर छावण्या-तुरुंग मिळून मारल्या गेलेल्यांचा आकडा सुमारे बावीस हजार आहे. छावण्यांतून वाचलेले मोजून चारशेच्या आसपास. कातिनची थडगी उघडकीला आली ती एप्रिल १९४३ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी वळिवड्याची वसाहत वसत होती त्याच वर्षी. ज्यांच्या वडिलांचा ठावठिकाणा कळत नव्हता अशा मुलांना शेकोटीभोवती गाणी शिकवणारा हा तरुण स्वतः त्या प्रेतांच्या रांगेतून योगायोगाने वगळला गेला होता. इतिहासाचे काही योग असे असतात की कादंबरीकाराने रचले तर वाचक त्यांवर विश्वास ठेवणार नाही.

युद्ध संपले, आणि इथेच खरी पंचाईत झाली. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाच्या पदरात पडला. जुलैमध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वळिवड्यातील पुष्कळ कुटुंबांची गावे आता पोलंडात उरलीच नाहीत. ‘घरी जा’ म्हणायला घर ज्या देशात होते, तो देशच तिथून सरकला होता. छावणी १९४८ च्या सुरुवातीपर्यंत रिकामी होत गेली. ज्यांचे वडील किंवा भाऊ ब्रिटिश आधिपत्याखालील पोलिश सैन्यात लढले होते, ते मुंबईहून बोटीने इंग्लंडला गेले. काही पोलंडात परतले. काही पूर्व आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशा वाटांनी गेले. थोड्या मुली भारतीय पुरुषांशी लग्न करून इथेच राहिल्या. रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित राहायला आले. आजचे गांधीनगर ते हेच. एका फाळणीचे लोक उठले आणि दुसऱ्या फाळणीचे लोक त्याच छपरांखाली येऊन टेकले. या गोष्टीवर एक स्वतंत्र धागा व्हायला हवा.

आता मुख्य प्रश्नाकडे. माणसे एकमेकांशी संबंध ठेवतात ते साधारणतः गावामुळे, भावकीमुळे किंवा कामामुळे. या मुलांजवळ तिन्ही नव्हते. गाव सीमेपलीकडे गेलेले, भावकी सायबेरियात विखुरलेली, आणि कामाच्या जागी आजूबाजूला इंग्रज किंवा कॅनेडियन, ज्यांना वळिवडे हा शब्द उच्चारताही येत नव्हता. उरले ते पथक. कोणाच्या तुकडीत कोण होते, कोणी कोणासोबत शपथ घेतली, कोणाला कोणी पोहायला शिकवले, एवढाच काय तो सातबारा.

इंग्लंडला पोहोचलेल्या कुटुंबांना आरंभी जुन्या लष्करी तळांवरील पन्हळी पत्र्याच्या अर्धगोल झोपड्यांत ठेवले गेले. बांबूच्या तट्ट्यांमधून निघून पत्र्यात, एवढाच फरक. पण बालवीर चळवळ तिथेही चालू राहिली, कारण निर्वासित पोलिश समाजाने ती स्वतंत्रपणे उभी ठेवली होती. मायदेशात १९४९-५० च्या सुमारास नव्या सत्तेने जुनी बालवीर संघटना गिळून टाकली. बाहेरची मात्र टिकली. तिने १९६९ मध्ये इटलीतील मोंते कास्सिनो येथे जागतिक मेळावा भरवला. तिथल्या टेकडीवरील मठ पोलिश सैनिकांनी १९४४ साली घेतला होता, त्याला तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती. पेश्कोव्स्की तोवर धर्मगुरू झाले होते. १९५४ मध्ये अमेरिकेत दीक्षा घेतलेला हा माणूस परदेशातील पोलिश बालवीरांचा पुरोहित म्हणून वावरत होता. शेकोटीजवळचा ‘द्रूह’ आता लग्ने लावी, बाप्तिस्मा देई, अंत्यविधी करी.

बाकीचा व्यवहार टपालाचा. साध्या बातम्या: कोणाचे लग्न ठरले, कोणाला मूल झाले, कोणाला नोकरी लागली, कोण निवृत्त झाले, कोण आजारी आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला असा मजकूर नीरस वाटतो, पण घाई करू नये. या पत्रांतली एक अडचण आपल्याकडच्या कोणत्याही स्त्रीला चटकन कळेल. मुलींची आडनावे लग्नानंतर बदलली. टोरांटोच्या एखाद्या बाईंचे सासरचे नाव मेलबर्नच्या मैत्रिणीला काय सांगणार? म्हणून पोलिश रीतीप्रमाणे नावापुढे ‘अमुक घराण्यातली’ अशी माहेरची खूण लिहावी लागते. जिथे तिचे ते माहेरचे नाव रोज पुकारले जाई, ती जागा मात्र करवीरच्या माळावर. वळिवडे हे या बायकांचे माहेर होते असे म्हटले, तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

पोलंडला परतलेल्यांची गोष्ट निराळी. साम्यवादी राजवटीत सायबेरियाची हद्दपारी हा उघड बोलण्याचा विषय नव्हता. कातिनचे खापर अधिकृतपणे जर्मनांवर फोडले जात होते. सोव्हिएत संघाने ती जबाबदारी मान्य केली ती थेट एप्रिल १९९० मध्ये. भारतात बालपण घालवले हे सांगायचे, तर आधी भारतात कसे पोहोचलो ते सांगावे लागे, आणि तिथेच जीभ अडखळे. पत्रे वाचली जातात हे दोन्हीकडे ठाऊक होते. लंडनच्या मैत्रिणीला लिहायचे ते हवामान, मुलांचे गुण, आईची संधिवाताची दुखणी. न लिहिलेले दोघींनाही वाचता येत असे. वरकरणी निरर्थक वाटणाऱ्या पत्रव्यवहाराची किंमत इथे कळते. जे बोलता येत नव्हते, त्याचा साक्षीदार अजून जिवंत आहे, एवढे त्यातून कळत होते.

पोलंडातील राजवट १९८९ मध्ये बदलली आणि लंडनमध्ये केंद्र असलेले ‘भारतातील पोलिशांचे मंडळ, १९४२-१९४८’ उघडपणे मोठे झाले. हे मंडळ केवळ बालवीरांचे नव्हे, भारतात राहिलेल्या सर्वांचे. पण पत्ते शोधण्याची, हजेरी घेण्याची शिस्त कुठून आली असेल, हे सांगायला नको. आता पोलंडमध्येही संमेलने भरू लागली. चाळीस-पन्नास वर्षांनी भेटलेली माणसे आधी एकमेकांच्या छातीवरील नावाची चिठ्ठी वाचत आणि मग चेहऱ्याकडे पाहत. या मंडळींनी आपल्याजवळची कागदपत्रे आणि आठवणी एकत्र करून २००० साली लंडनहून एक जाडजूड ग्रंथ काढला. त्याची इंग्रजी आवृत्ती २००९ मध्ये आली. वळिवड्याविषयी आज जे काही बोलले जाते, त्यातील बराचसा भाग तिथूनच येतो. तो कोण्या विद्यापीठाने काढलेला नाही. मित्रांनी मित्रांचा माग ठेवला, त्याचे हे फलित.

म्हणूनच त्या साधनाची मर्यादाही ओळखली पाहिजे. जुने सोबती भेटले की शेकोटी आठवते, ताप कमी आठवतो. सायबेरियाच्या तुलनेत कोल्हापूर स्वर्ग होते हे खरे, पण याच कोल्हापुरात पोलिश दफनभूमीही आहे. आणि या साऱ्या पत्रव्यवहारात लिहिणारा आणि वाचणारा दोन्ही पोलिश. वळिवडे-उचगाव परिसरातील शेतकरी, गाडीवान, भाजीवाल्या यांनी काय पाहिले, ते कोणी कोणाला टपालाने कळवले नाही. ती अर्धी बाजू शोधायला आता फार उशीर झाला आहे. तरीही गावातल्या एखाद्या आजोबांना विचारून पाहायला हरकत नाही.

मंडळाने १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात कृतज्ञतेचा स्तंभ उभारला. पुढे वॉर्सातही कोल्हापूरचे स्मारक झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुले वाहिली तेव्हा अनेकांनी वळिवड्याचे नाव प्रथम ऐकले. पेश्कोव्स्की ते पाहायला नव्हते. कातिनच्या मृतांच्या कुटुंबांचे पुरोहित म्हणून त्यांनी शेवटची वर्षे काढली, थडग्यांच्या उत्खननाच्या जागी उभे राहून प्रार्थना केल्या, आणि २००७ च्या ऑक्टोबरात ते वारले.

पोलिश बालवीर मृत्यूसाठी ‘मेला’ असे लिहीत नाहीत. ‘शाश्वत पहाऱ्यावर गेला’ असे लिहितात. जागा राहा हे ब्रीद ज्यांना लहानपणी दिले, त्यांच्या निधनाची हीच भाषा शोभते. छावणीत बारा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदी ओलांडून पुढे गेलेली असणार. अशा मंडळांच्या बातमीपत्रांत लग्ने आधी संपतात, मग नातवंडांच्या बातम्या विरळ होतात, आणि पहाऱ्यावर गेलेल्यांची यादी लांबत जाते.

सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्याला नव्या स्मारकाचे अनावरण झाले, तेव्हा काही वृद्ध माजी रहिवासी आवर्जून आले होते. ज्या माळावर त्यांची पथके जमत, त्या बाजूला आता गांधीनगरची कापडबाजाराची गर्दी आहे. रेल्वेस्थानक मात्र आहे, आणि फलकावर नाव तेच, वळिवडे.